तपकीरची शिट्टी

या, जरा पुढे सरका. तिथे दाराशी बसलात तर मला ओरडून सांगावं लागेल, आणि ही गोष्ट ओरडून सांगायची नाही. ओरडलं की काय होतं, तेच तर हिच्यात आहे.

आमचे बुवा कथेला उभे राहिले की आधी टाळकऱ्यांकडे बघायचे, मग आमच्याकडे, आणि म्हणायचे, "कान रिकामे करून बसा रे, जाताना भरून न्यायचेत." मी काही बुवा नाही. मी बॅगा शिवतो, पट्टे शिवतो, तुटलेल्या चेन बसवून देतो. पण कथा ऐकत म्हातारा झालो, त्यामुळे सांगायची खोड लागली. आज एका सुडाची गोष्ट सांगतो. बुवांच्या कथेत सूड घेणाऱ्याला शेवटी उपरती होते, डोळ्यांतून पाणी येतं, सगळे गळ्यात गळा घालतात. इथे तसं काही होत नाही. आधीच सांगून ठेवतो, मागून कुरकुर नको.

माझ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक बाई राहते. कुत्र्यांना शिकवते, म्हणून सगळे तिला मास्तरीण म्हणतात. नवरा जहाजावर, वर्षातून एकदा दिसणारा. घरात ती, तिची सासू, आणि तेव्हा तिसरा तपकीर. तपकीर म्हणजे कुत्रा. रंग तसा म्हणून नाव तसं. जात विचाराल तर कुठलीच नाही. एक कान उभा, एक कायमचा पडलेला. सासूबाई म्हणायच्या, "एका कानाने ऐकतो आणि दुसऱ्याने त्यावर विचार करतो."

तपकीरला मोकळं सोडून बोलावणं ही बघण्यासारखी गोष्ट होती. मैदानाच्या पार त्या टोकाला तो मांजरामागे लागलेला असो, चेंडूमागे असो, मास्तरीण तोंडाने शिट्टी वाजवायची. आधी खालचा लांब सूर, तो हळूहळू वर चढायचा, मध्ये श्वासाएवढी फट, आणि शेवटी दोन छोटे ठोके. बुवा ओळ खाली सोडतात आणि मागचे टाळकरी ती वर उचलून धरतात ना, अगदी तशी. ती फट पडायच्या आत तपकीर वळलेला असायचा. चारी पाय जमिनीवर आहेत की नाहीत असा यायचा आणि तिच्या पुढ्यात येऊन बसायचा. ती त्याच्या गळ्यातला पट्टा धरायची, उकडलेल्या कलेजीचा तुकडा द्यायची, आणि लगेच म्हणायची, "जा, खेळ."

मी एकदा विचारलं, "अगं, बोलावलंस कशाला मग, सोडायचंच होतं तर?"

"त्याला वाटायला नको काका, की हाक आली म्हणजे खेळ संपला. आलं तर आपलं काही जात नाही, मिळतंच, हे त्याला ठाऊक हवं. हाक म्हणजे वचन आहे. ती वाजवून कधी फसवायचं नाही. आणि आलेल्याला कधी, कधीच रागवायचं नाही. मग तो तुमचा जेवणाचा डबा खाऊन आलेला असू दे."

मी मनात म्हटलं, ही बाई कथेला येत नाही, पण कथा हिच्यापर्यंत पोचलीय.

आता दुसरा माणूस. माझ्या दुकानाच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, बेकरी. बेकरीवाला रात्रभर भट्टीपाशी, सकाळी गल्ल्यावर, आणि दुपारी जेवून जो झोपतो तो तिन्हीसांजेला उठतो. हाताला चव आहे त्याच्या, खोटं कशाला बोलू. पण स्वभाव असा, की गल्लीतलं प्रत्येक पान आपल्याला विचारून हललं पाहिजे. तो तपकीरला पावाचा तुकडा टाकायचा. मास्तरीण म्हणाली, "हाताने काही देऊ नका हो त्याला, सवय मोडते." झालं. नको म्हटलं की करायचं, ही त्याची खोड. एकदा रांग लागलेली असताना त्याने लोण्याचा मोठा तुकडा पुढे केला आणि म्हणाला, "ये रे, मालकिणीचं काय ऐकतोस!" तपकीरने तुकड्याकडे बघितलं, मास्तरणीकडे बघितलं, आणि तोंड फिरवलं. रांगेतली माणसं हसली. कोणीतरी म्हणालं, "कुत्र्याला कळतं, कोणाच्या हातचं खावं!"

ते हसू बेकरीवाल्याच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं. त्यानंतर तो गल्ल्यावर बसून सांगायला लागला, "कुत्रं माणसाला ओळखत नाही, शिट्टीला ओळखतं. कोणीही वाजवली तरी येईल. मोठी आली मास्तरीण!"

मग तो दिवस आला. सकाळची गर्दी ओसरली होती. मास्तरीण माझ्याकडे तपकीरच्या दोरीचं बक्कल बदलायला आली. दोरी माझ्या हातात, म्हणून तपकीर मोकळा, दुकानाच्या पायरीवर. "बस" म्हटलं होतं, बसला होता. तिच्या सांगण्याने तो तासभर बसला असता, समोरून हत्ती गेला तरी. मी मशीन चालू केलं. माझं मशीन म्हणजे जुनं धूड, चाललं की देवाने हाक मारली तरी ऐकू यायची नाही. ती दारापाशी उभी होती, रस्त्याकडे पाठ करून. एकदम तिची मान वळली. मी मशीनवरच वाकलेलो. मला फक्त ब्रेक ऐकू आले.

मालाची गाडी होती. चालवणाऱ्याचा दोष नव्हता.

ती रस्त्यात बसली होती, तपकीरचं डोकं मांडीवर. कान जो उभा असायचा, तोही पडला होता. आणि ती रडत नव्हती. ती समोर बघत होती, बेकरीच्या बाजूच्या दाराकडे, जिथे पिठाची पोती उतरवतात. ते दार अर्धवट उघडं होतं.

"शिट्टी वाजली, काका," ती म्हणाली. "माझी शिट्टी. तिकडून."

बेकरीवाला पुढच्या दाराने आला, हात पिठाने भरलेले. "काय झालं? अरेरे! मी आत भट्टीपाशी होतो. मोकळं सोडलं होतं का?"

"तुम्ही वाजवलीत."

"मी? काय बोलतेस बाई! मला शिट्टी वाजवताच येत नाही. हे बघा!" त्याने ओठ मागे ओढून पुढच्या दातांमधली फट सगळ्यांना दाखवली, ओठांचा चंबू केला आणि फूऽऽ करून नुसता वारा सोडला. "वारा जातो नुसता. लहानपणापासून येत नाही. आईशप्पथ." मग गर्दीकडे वळून, आवाज खाली आणून, "दुःखात माणूस काहीही बोलतो. पण खरं सांगू? कुत्रं ऐकत नव्हतं. सुटलं, मेलं."

कुत्रं ऐकत नव्हतं. एवढंच वाक्य. पण ते त्याने पावाबरोबर घरोघर पाठवलं. जो पाव घ्यायला येईल त्याला: जिचं स्वतःचं ऐकत नाही, ती तुमच्या कुत्र्याला काय शिकवणार? लोकांचंही काही चुकलं म्हणवत नाही. त्यांनी मेलेला कुत्रा बघितला होता, शिट्टी कोणी ऐकली नव्हती. एकेक करून मास्तरणीकडची कुत्री बंद झाली. ती पलीकडच्या वस्तीतल्या डॉक्टरीणबाईंच्या जनावरांच्या दवाखान्यात पिंजरे धुवायला लागली. कुत्र्यांची नखं कापायची, गोचिड्या काढायच्या. संध्याकाळी जिना चढताना माझ्या दुकानापाशी थांबायची नाही.

सासूबाई मला म्हणाल्या, "धंदा गेला त्याचं नाही हो तिला. तपकीरला खोटं ठरवलं, ते तिच्या उरावर बसलंय. तो येत होता हो. बोलावलं म्हणून आला. आणि वर नाव काय, तर ऐकत नव्हता! मेल्यावरसुद्धा त्या मुक्या जिवावर आळ."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. मी सासूबाईंना म्हटलं, "देव बघतो."

"बघतो ना. बघतच बसलाय," त्या म्हणाल्या.

यावर बुवांना उत्तर सुचलं असतं.

आता ऐका पुढे. दुसऱ्या उन्हाळ्यात बेकरीवाल्याने कुत्रा आणला. पांढराशुभ्र, केसाळ, वाटीएवढे पंजे. नाव सुलतान. स्वभावाने मात्र असा भित्रा, की कुकर वाजला तरी पलंगाखाली. बेकरीवाल्याने मनावर घेतलं की आपणच शिकवायचं. शिकवणं कसं? "सुलतान!" म्हणून हाक मारायची. कुत्रा वास घेत, रमतगमत यायचा. आला की पाठीत एक धपाटा. "एवढा उशीर? हाक मारली की आलं पाहिजे!" पुढच्या वेळी कुत्रा आणखी हळू. मग दोन धपाटे. मग तो नाव ऐकलं की थिजायचा, मग मागे सरायला लागला, मग पळायलाच. आणि बेकरीवाला छाती काढून सांगणार, "धाक लागतो, धाक!" गाढवाला गीता वाचून दाखवणारा बरा, निदान गाढव पळून तरी जात नाही.

एका दुपारी, बेकरीवाला घोरत असताना, त्याची बायको डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेली. तिला आम्ही वहिनी म्हणतो. तोंडातल्या तोंडात बोलणारी बाई. सुलतान दोनदा पळाला होता, एकदा तर रात्रभर सापडला नव्हता, आणि वहिनीला पोर नाही, तिचा सगळा जीव त्या कुत्र्यात. पिंजरे धुणाऱ्या मास्तरणीपुढे ती उभी राहिली.

"शिकवाल का याला? ह्यांना न सांगता. दुपारी आणत जाईन."

मास्तरीण पाण्याची नळी धरून तशीच उभी. हे सगळं नंतर सासूबाईंकडून कळलं हो मला, मी तिथे नव्हतो. सून घरी येऊन सासूला सगळं सांगते, अशी ती दुर्मीळ जोडी. तर मास्तरीण म्हणाली, "आणा."

रात्री सासूबाईंनी विचारलं, "त्याच्या कुत्र्याला शिकवणार? तू?"

"कुत्र्याने काय केलंय माझं?"

"आणि हाक कोणती देणार?"

मास्तरीण भात कालवत होती, हात थांबला. "नाव तर त्याने मारून टाकलंय, आई. सुलतान म्हटलं की कुत्र्याला धपाटा ऐकू येतो. नवी हाक द्यावी लागेल." मग सावकाश म्हणाली, "किंवा जुनी."

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं आणि वाढायचं विसरल्या. "अगं बाई," एवढंच म्हणाल्या. "अगं बाई गं."

दवाखान्यामागे भिंतीचं अंगण आहे. तिथे तिने आधी कोपऱ्यातच सुरुवात केली. कुत्रा दोन पावलांवर, शिट्टी, कलेजी. शिट्टी, कलेजी. मग लांब दोरी, तीही ओढायची नाही, नुसती जमिनीवर लोळत ठेवायची. शिट्टी वाजवून ती स्वतः उलटी पळायची, कुत्र्याला वाटायचं खेळ आहे, मागे धावायचा. मग आडोशाला लपून. मग पलीकडे मांजराचा पिंजरा ठेवून. मग दोरीही सोडली. पहिल्या दिवशी ती शिट्टी वाजली तेव्हा वहिनीच्या हातातली पिशवी पडली.

"ओळखलीत?" मास्तरणीने विचारलं.

"तपकीरची," वहिनी म्हणाली. चेहरा पांढरा.

"हो. कोणीही वाजवली तरी येईल तो हिला. तुम्हाला येते?"

"मला नाही येत."

"आणि त्यांना?"

वहिनी बराच वेळ सुलतानच्या केसांतून बोटं फिरवत राहिली. "ते... नाही म्हणतात," ती म्हणाली. येत नाही असं म्हणाली नाही. नाही म्हणतात, म्हणाली. मास्तरणीने ते शब्द उचलून पदराला गाठ मारावी तसे ठेवून दिले आणि पुढे काही विचारलं नाही. फक्त म्हणाली, "त्यांना शिट्टीचं सांगू नका. आणि मी सांगेपर्यंत बाहेर मोकळा सोडू नका."

घरी सुलतान सुधारला. पलंगाखालून बाहेर आला, पायात घुटमळायला लागला, पाव दाखवला की येऊन बसायला लागला. बेकरीवाल्याला वाटलं, आपल्या धाकाचं फळ. वहिनी म्हणाली, "हो, तुमचंच ऐकतो आता." असं बायका म्हणतात तेव्हा नवऱ्याने सावध व्हावं, पण नवरे कुठे सावध होतात!

सुट्टीच्या सकाळी आमच्याकडे सगळे मैदानात जमतात. फिरायला, बसायला, एकमेकांचं उणंदुणं काढायला. मैदानाला चहूबाजूंनी भिंत, एकच लोखंडी फाटक, आणि फाटकाबाहेर रस्ता. तोच रस्ता. त्या सकाळी मी बाकावर होतो. मास्तरीण आली. कितीतरी दिवसांनी आली. बरोबर सासूबाई. आत शिरताना तिने फाटक लावलं नाही. सताड उघडं ठेवलं आणि तिथेच टेकून उभी राहिली, एक हात फाटकाच्या गजावर. मला चमत्कारिक वाटलं. फाटक लावल्याशिवाय जी कधी पुढे पाऊल टाकायची नाही, ती ही बाई.

माझ्या शेजारचा शिंपी नवं पिल्लू घेऊन आला होता. म्हणाला, "मास्तरणीकडे देऊ म्हणतो शिकायला."

बेकरीवाल्याच्या कानावर गेलंच. सुलतानला दोरीने ओढत तो पुढे आला. "तिच्याकडे? अहो, डोकं फिरलंय का? स्वतःचं ऐकत नव्हतं तिचं. कुत्रं कसं ऐकतं ते मी दाखवतो. ह्याला मोकळा सोडून दाखवतो."

"नका हो सोडू," फाटकापासून मास्तरणीचा आवाज आला. गोड, मधात घोळलेला. "नाही ऐकायचा तो तुमचं."

मी तिच्याकडे बघितलं आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं. नको म्हटलं की करायचं. तिला ते पाठ होतं.

वहिनी म्हणाली, "अहो, नको ना..."

"गप बस गं!" आणि त्याने दोरी काढली.

सुलतान क्षणभर तिथेच उभा राहिला. मग अंग झटकलं, भिंतीकडे गेला, वास घेत घेत भिंतीच्या कडेने निघाला. फाटकाच्या दिशेने.

"सुलतान!"

कुत्र्याचे कान मागे गेले. तो पुढे सरकला.

"ए सुलतान! इकडे! इकडे ये म्हणतो ना!" त्याचा आवाज चढला तसा कुत्रा वेगाने. बेकरीवाला धावला. ज्याच्याकडून मार मिळतो तो धावत आला, तर कुत्रा काय करणार? तो पळत सुटला. खिशातून पाव काढून दाखवला, पण त्याच्याकडे आता बघतंय कोण! फाटक समोर उघडं, बाहेर रस्त्यावरून गाड्या घूं घूं करत चाललेल्या. सगळे उभे राहिले. बायका ओरडल्या. शिंप्याने पिल्लू छातीशी धरलं.

वहिनी किंचाळली, "मास्तरीणबाई, वाजवा ना! वाजवा!"

मास्तरीण फाटकाला टेकून उभी. ओठ मिटलेले. "कुत्रं त्यांचं आहे," ती म्हणाली. "त्यांनी वाजवावी."

"मला नाही येत शिट्टी!" बेकरीवाला ओरडला. रडकुंडीला आला होता.

आणि तेव्हा ती तोंडातल्या तोंडात बोलणारी बाई बोलली. असा आवाज तिला होता हे मैदानाला माहीत नव्हतं, बहुधा तिलाही नव्हतं.

"येते! न्हाणीघराला कडी लावून लावून शिकलात! कान किटले माझे तेव्हा! तपकीरची वाजवा, तिलाच येतो तो! वाजवा, नाहीतर हाही जाईल!"

सुलतान फाटकापासून हाताच्या अंतरावर. बेकरीवाल्याने एकदा चहूकडे बघितलं. सगळं मैदान त्याच्या तोंडाकडे बघत होतं. खोटं धरून ठेवायचं की कुत्रं. त्याचे ओठ जवळ आले.

खालचा लांब सूर. वर चढला. फट. दोन ठोके.

देवा! मी तो सूर वर्षभर ऐकला नव्हता. अंगावर काटा आला माझ्या. त्या माणसाने एक हरकत चुकवली नव्हती. फट पडायच्या आत सुलतान वळला होता, आणि असा धावत आला, असा, की सगळ्यांना दुसराच कुणीतरी धावताना दिसला. येऊन तो बेकरीवाल्याच्या पुढ्यात बसला, मान वर करून. आपलं काम झालं, आता तुमचं, अशा चेहऱ्याने. बेकरीवाल्याच्या हातातला पाव कधीच गळून पडला होता.

मागे खाडकन आवाज झाला. मास्तरणीने फाटक लावलं होतं.

मग शिंपी हळूच म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी..."

मास्तरीण चालत आली. सावकाश. कुत्र्यासमोर वाकली, खिशातून कलेजीचा तुकडा काढून त्याला दिला. आलेल्याला मिळालंच पाहिजे. मग सरळ उभी राहिली.

"त्या दिवशीपण अशीच वाजवली होती?"

बेकरीवाल्याने होकाराची मान हलवली.

"बोला. मान हलवलेली मागच्यांना दिसत नाही."

"वाजवली होती," तो म्हणाला. "गंमत म्हणून. बाजूच्या दारातून. मला काय माहीत गाडी... मला वाटलं, बघू तरी येतो का..."

"मग? आला का तपकीर?"

"आला."

"मोठ्याने."

"आला!" त्याचा आवाज फाटला. "तपकीर आला होता! ऐकून आला होता! झालं समाधान?"

"नाही," मास्तरीण म्हणाली. "हे तुम्ही गल्ल्यावर बसून बोलायचं. उद्यापासून. जिथून ते दुसरं वाक्य विकलंत, तिथूनच. रांगेत जो कोणी नवा येईल, कुत्रं घेऊन येईल, त्याला सांगायचं. पावाबरोबर."

"आणि नाही सांगितलं तर?"

उत्तर वहिनीने दिलं. "मी सांगेन," ती म्हणाली, सुलतानला दोरी लावली, आणि नवऱ्याची वाट न बघता निघून गेली.

त्या संध्याकाळी सासूबाई माझ्या दुकानात येऊन बसल्या. मास्तरीण जिना चढत होती, तिला थांबवून त्यांनी माझ्यासमोरच विचारलं, "फाटक लोटणार होतीस ना गं?"

"हात गजावरच होता, आई. कुत्र्याला मी जाऊ दिलं नसतं. पण त्याला ते ठाऊक नव्हतं. मला तेवढंच हवं होतं. त्या दिवशी रस्त्याकडे मान वळवली तेव्हा मला कसं वाटलं होतं, ते त्याला एकदा कळायला हवं होतं."

"आणि लोटायला एक श्वास उशीर झाला असता तर?"

मास्तरीण पायरीवर बसली, जिथे तपकीर बसायचा तिथे, आणि त्या दिवसापासून पहिल्यांदाच रडली. सासूबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी मशीन चालू केलं, म्हणजे बाहेर कोणाला ऐकू जायला नको.

त्यानंतर सुलतानला तिने दुसरी हाक शिकवली, वहिनीच्या तोंडून निघेल अशी, साधी. शिट्टी त्याच्याकडून हळूहळू काढून घेतली. ती उसनी होती, परत आली. आता मास्तरणीकडे कुत्र्यांची रीघ असते, शिंप्याचं पिल्लू पहिलं. त्यांतल्या एकालाही तिने ती शिट्टी दिलेली नाही.

बेकरीवाल्याला तिने माफ केलं का? दोनदा आला तो, हात जोडून. मीही मध्ये पडलो, म्हटलं, "अगं, देवसुद्धा शंभर अपराध पोटात घालतो." ती म्हणाली, "देवाचं पोट मोठं आहे, काका." आता ती रोज सकाळी त्याच्या रांगेत उभी राहते. तिचा नंबर येतो. ती पैसे पुढे करत नाही, पाव मागत नाही, नुसती बघत उभी राहते. मागची रांग खोळंबते. मग तो खाली बघून म्हणतो, "तपकीर ऐकत होता. मी वाजवली, म्हणून आला." ती म्हणते, "एक मोठा पाव." आणि घेऊन जाते. पाव चांगला असतो, ते ती नाकारत नाही.

मी रोज देवाला दोघांसाठी सांगतो. आधी तिच्यासाठी, मग त्याच्यासाठी. क्रम देवाने समजून घ्यावा.

आता उठा, उशीर झाला. बुवा कथेच्या शेवटी काहीतरी मागायचे, तसं मीही मागतो. कधी रस्त्याने जाताना एखादं तपकिरी कुत्रं दिसलं, एक कान उभा आणि एक पडलेला, कुणाच्या हाकेसरशी धावत जाताना, तर क्षणभर थांबा आणि आमच्या तपकीरला आठवा. लोक काहीही म्हणाले असतील. तो येत होता.